बाथरूमची फरशी घेताय? चकाकीच्या आधी पायाची पकड बघा

देगलूर : घराचं काम संपत आलं, हातातला पैसाही संपत आला, की बाथरूमच्या फरशीचा नंबर लागतो. मग दुकानात दिव्याखाली सगळ्यात जास्त चमकणारी फरशी पसंत पडते. तीच फरशी साबणाचं पाणी पडल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पाडते. उतारवयात खुबा मोडला तर ऑपरेशन, नंतर कित्येक महिने अंथरूण. चौरस फुटामागे वाचवलेले पाच-दहा रुपये तिथं पुरत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे भिंतीची आणि जमिनीची फरशी वेगळी असते. भिंतीची सिरॅमिक फरशी पातळ, मऊ आणि पाणी पिणारी. स्वस्त पडते म्हणून ती खाली बसवली तर बादली आपटली तरी टवका उडतो. ओळखायची साधी रीत आहे. फरशी उलटी करून मागे पाण्याचे दोन थेंब टाका. लगेच जिरले तर ती भिंतीचीच समजा. व्हिट्रिफाइड फरशी जवळपास पाणी पीतच नाही. तिचं पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं.

दुसरी गोष्ट पकड. ‘ग्लॉसी’ भिंतीला ठेवा, खाली ‘मॅट’ किंवा ‘अँटी-स्किड’ घ्या. काही कंपन्या आर-९ ते आर-१३ असा आकडा देतात. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. घरच्या बाथरूमला आर-१० किंवा आर-११ चांगली. त्याहून खरबरीत घेतली तर खाचांत मळ आणि क्षार बसतात, घासून घासून हात दुखतात. दुकानदाराला नमुन्यावर साबणाचं पाणी टाकायला सांगा आणि अनवाणी पाय घासून बघा. लाजायचं कारण नाही, पैसे आपले आहेत.

मोठ्या फरशीची हौस हॉलमध्ये भागवावी. बाथरूमला १२ बाय १२ इंचाची फरशीच बरी. तिला जाळीकडे चारी बाजूंनी उतार देता येतो, शिवाय सांधे जास्त म्हणून पायही धरतो. उतार फुटाला एक सूत, म्हणजे सहा फुटांना पाऊण इंच ठेवायला मिस्त्रीला आधीच सांगा. फरशी बसल्यावर सांगून उपयोग नाही. सिमेंट-वाळूत बसवायची सिरॅमिक फरशी आधी पाण्यात भिजवतात. व्हिट्रिफाइड पाणी ओढत नाही, म्हणून ती साध्या सिमेंटवर नीट धरत नाही; तिला टाइल ॲडेसिव्ह लागतं.

आपल्याकडे अजून शहाबादी आणि तांडूरची फरशी खूप घरांत आहे. शहाबाद कर्नाटकच्या कलबुर्गी जिल्ह्यात, तांडूर तेलंगणात. देगलूरसकट ही सगळी गावं एकेकाळी हैदराबाद संस्थानात होती. पॉलिश न केलेली शहाबादी पायाला चांगली धरते, खर्चही कमी. पण हा चुनखडीचा दगड आहे. ॲसिड पडलं की फेस येऊन पृष्ठभाग खातो.

बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग पडणारच. काळ्या फरशीवर ते जास्त उठून दिसतात. राखाडी किंवा मातकट रंगावर झाकले जातात. डाग काढायला ॲसिड ओतलं की सांध्यातला सिमेंट झिजतो आणि पाणी खाली मुरतं. सांध्यात पांढऱ्या सिमेंटऐवजी एपॉक्सी भरलं तर खर्च वाढतो, पण सांधे पाणी पीत नाहीत आणि लवकर काळे पडत नाहीत. ताज्या डागाला व्हिनेगर चालतं, शहाबादीवर मात्र तेही नको. आणि ॲसिडमध्ये ब्लिचिंग पावडर कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

हिशोब सोपा आहे. ५ बाय ६ फुटांचं बाथरूम म्हणजे ३० चौरस फूट. तुकडे आणि मोडतोडीचे दहा टक्के धरून ३३ चौरस फूट माल घ्या. सगळ्या बॉक्सवर बॅच आणि शेड नंबर एकच आहे का ते गाडीत भरायच्या आधी बघा. बसवून झाल्यावर नाण्याने प्रत्येक फरशी वाजवा. पोकळ वाजली तर मिस्त्रीचा हिशोब करायच्या आधी ती काढून घ्या. उरलेल्या चार-पाच फरश्या माळ्यावर ठेवा. पुढं नळाच्या कामाला एखादी फोडावी लागली, तर त्याच शेडची फरशी बाजारात सहसा मिळत नाही.