बॅकअप व्यवस्था, लहान कार्यालयांतील (शिरूर व दौंड, जि. पुणे)

संगणकातील हिशेब, नोंदी व फायली यांच्या वेगळ्या प्रती ठेवून, मूळ डेटा गेल्यास त्यांवरून काम पुन्हा सुरू करण्याची सोय. प्रत परत चालू करून दाखवता येणे ही तिची खरी कसोटी. किंमत, क्षमता आणि कंपनीचे नाव त्यानंतर.

घोडनदीकाठच्या शिरूर तालुक्यात रांजणगावची, तर भीमाकाठच्या दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. तेथील मोठ्या कारखान्यांचा डेटा सांभाळायला स्वतंत्र माणसे असतात. प्रश्न येतो तो करसल्लागार, वकील, पतसंस्था, दूध संकलन केंद्र, वजनकाटा, जॉबवर्कचे वर्कशॉप यांचा. येथे सारा व्यवहार बहुधा एका संगणकात आणि तो संगणक एकाच ऑपरेटरच्या हातात असतो.

वस्तू व सेवा कर नियमावलीतील ५७ वा नियम इलेक्ट्रॉनिक नोंदींचा बॅकअप सक्तीचा करतो. अपघाताने वा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्यास त्या वाजवी मुदतीत परत मिळवता आल्या पाहिजेत, असेही सांगतो. या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायच्या असतात. कंपनी असल्यास हिशेब ८ वर्षे ठेवावे लागतात आणि संगणकीय हिशेबांचा बॅकअप, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार, भारतातील सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो.

तीन प्रती, दोन प्रकारची साधने, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हे सूत्र अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केले. पाच-सात माणसांच्या कार्यालयात ते असे बसते: दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क आलटून-पालटून वापरायच्या, त्यांतली एक कायम मालकाच्या घरी, शिवाय एक प्रत क्लाउडवर. विक्रेते मात्र पुष्कळदा दोन डिस्कचा नॅस (कार्यालयाच्या जाळ्याला जोडायचे साठवण यंत्र) गळ्यात मारतात. त्यातल्या दोन्ही डिस्कवर एकच मजकूर उमटतो, त्यामुळे एक डिस्क बिघडली तर काम अडत नाही. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून जाते, आणि चोरी झाली किंवा आग लागली तर अख्खे यंत्रच जाते. गूगल ड्राइव्हच्या सिंकचेही तसेच. संगणकावरून उडवलेली फाइल तिकडूनही उडते आणि कचरापेटीत ३० दिवसच राहते.

संगणकाला जोडलेली नसलेली प्रत का लागते, हे जून २०१७ मध्ये दिसले. नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे ठप्प केले. न्हावा शेवा येथील तिच्या टर्मिनलचे कामही थांबले. जाळ्याचा कणा असलेले सर्व्हर एकमेकांच्याच प्रती होते, म्हणून एकदमच पुसले गेले. घानातील एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती. दौंड-शिरूरला वीज गेली की महावितरणच्या नावाने बोटे मोडली जातात. मर्स्कला मात्र वीज जाणेच पावले. कार्यालयातील डिस्क प्रत घेऊन होताच काढून कपाटात ठेवली, तर तेवढेच संरक्षण वीज जाण्याची वाट न पाहता मिळते.

क्लाउड निवडताना अपलोडचा वेग पाहावा. सेकंदाला २० मेगाबिट मिळाले तर १०० गिगाबाइट चढायला ११ तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणून स्कॅन व फोटो एकदाच चढवून पुढे रोजचा बदल तेवढा पाठवावा. टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममधील डेटाची प्रत प्रोग्राम बंद करून किंवा त्यातल्याच बॅकअप सोयीने घ्यावी. मायक्रोसॉफ्टच्या अझुर या क्लाउड सेवेचा मध्य भारत विभाग पुण्यात आहे, तेव्हा शिरूरची ‘ढगातली’ प्रत जिल्ह्याबाहेर गेलेलीच नसते, असेही घडू शकते.

चाचणी दुसऱ्याच संगणकावर घ्यावी: गेल्या वर्षीचा ताळेबंद किंवा एखाद्या उत्पादकाचे दहा दिवसांचे दूधबिल उघडून पाहावे. येथेच नेहमी विसरलेल्या गोष्टी उघड्या पडतात. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले दस्त त्या फाँटवाचून निरर्थक अक्षरे दाखवतात, म्हणून फाँटही जपावे लागतात. वर्कशॉपमधील अनेक सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांचे प्रोग्राम व पॅरामीटर बॅटरीवर टिकतात. बॅटरी संपली की तेही जातात. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन मात्र कोणत्याच बॅकअपमध्ये येत नाही. त्यातील खासगी किल्ली बाहेर काढता येत नसल्याने टोकन हरवल्यास नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते.