फुगलेल्या डब्यांची साथ

आमच्या घरी २००४ साली घेतलेला एलसीडी मॉनिटर होता. काही वर्षांनी तो रुसला. बटण दाबलं की दिवा लुकलुकायचा, चित्र दोन सेकंद दिसायचं आणि पडदा काळा. एका दुकानातल्या तरुणानं तो न उघडताच सांगितलं, ‘‘काका, नवीनच घ्या.’’ पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कारागिरानं मात्र झाकण काढलं आणि पॉवर सप्लायवर बोट ठेवलं. नळकांड्यासारखे चार कपॅसिटर, डोकी फुगलेली. एकावरून तपकिरी चिकट द्रव ओघळलेला. आपले जुने रेडिओवाले त्याला कंडेन्सर म्हणत.

घरातली २३० व्होल्टची वीज मॉनिटरच्या नाजूक भागांना चालत नाही. त्यांना ५ किंवा १२ व्होल्ट लागतात, तेही स्थिर. पॉवर सप्लाय वीज खाली उतरवतो आणि उरलेले हेलकावे कपॅसिटर सांभाळतो, गच्चीवरच्या टाकीसारखा. टाकी आटली की नळाची धार तुटते, तसंच इथे.

या डबीत अ‍ॅल्युमिनियमची वळकटी आणि द्रवात भिजवलेला कागद असतो. नव्वदच्या दशकात या द्रवात पाण्याचं प्रमाण वाढवण्यात आलं. त्यानं काम सुधारलं, खर्चही घटला. पण पाणी अ‍ॅल्युमिनियमला खातं. ते रोखणारी रसायनं अचूक मिसळली नाहीत, तर आत हायड्रोजन वायू तयार होतो आणि डबी फुगते. डोक्यावरच्या खाचा त्यासाठीच, फुटायचंच तर तिथून फुटावी.

२००२च्या सुमारास जगभर संगणक असे बंद पडू लागले. त्यामागची हकीकत एखाद्या हेरकथेत शोभेल अशी छापून आली. जपानच्या रुबिकॉन कंपनीतला एक तंत्रज्ञ द्रवाचं सूत्र घेऊन चीनमधल्या कंपनीत गेला, तिथून ते तैवानला पोचलं, पण अर्धवटच! २००३ साली अमेरिकी अभियंत्यांच्या ‘स्पेक्ट्रम’ मासिकानंही या प्रकरणाची दखल घेतली.

कथा चटकदार खरी. पण सगळा दोष त्या चोरीवर टाकणं मला पटत नाही. मे २००३ ते जुलै २००५ या काळात डेलनं किमान १ कोटी १८ लाख ऑप्टिप्लेक्स संगणक विकले. त्यांतल्या अनेकांत हाच बिघाड निघाला आणि २००५ साली कंपनीनं दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलरचा खर्च मांडला. त्यांतले सदोष कपॅसिटर निचिकॉन या नामांकित जपानी कंपनीचे होते. म्हणजे चोरीचा माल नसतानाही डब्या फुगल्याच.

मॉनिटरमध्ये आणखी एक शत्रू असतो, उष्णता. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. आमच्या मॉनिटरमध्ये हे चौघे तापणाऱ्या भागाला खेटूनच बसवले होते. चपटी, बंदिस्त पेटी, वारा जाणार कुठून? चार पैसे आणि बोटभर जागा वाचवल्याचं फळ ते. याची बातमी कोण छापणार?

कारागिरानं आधी मोठ्या कपॅसिटरमधली साठलेली वीज उतरवली. प्लग काढल्यावरही ती जिवाला धोका करू शकते, म्हणून हे काम घरी करू नये. मग तितक्याच मायक्रोफॅरडचे, १०५ अंशांचे नवे कपॅसिटर त्यानं अधिक-उणे पाहून डाखले. अर्ध्या तासात पडदा उजळला. काढलेले चार कपॅसिटर त्यानं टेबलाखालच्या बिस्किटांच्या डब्यात टाकले. डबा जवळजवळ भरला होता.