जुहूच्या खाजणांतील विमानशाळा

मुंबईच्या उत्तरेस, समुद्रालगत, जुहू येथें इ. स. १९२८ मध्यें जो विमानतळ उघडला, तो हिंदुस्थानांतील मुलकी उड्डाणाचा पहिला तळ होय. तळ या शब्दानें आज जें भव्य चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें, त्यांतलें तेथें कांहींच नव्हतें. जागा खाजणाची, उन्हाळ्यांत टणक, पावसाळ्यांत पाण्याखालीं. अशा जमिनीवर त्याच वर्षीं बॉम्बे फ्लाइंग क्लबनें विमानविद्येची शाळा मांडली.

शाळेचें पाठ्यपुस्तक म्हणजे 'मॉथ' हें इंग्रजी बनावटीचें चिमुकलें विमान. जेफ्री डी हॅविलंड यांच्या कारखान्यांतून तें १९२५ सालीं प्रथम आकाशांत चढलें. सांगाडा लाकडाचा, पंख दुहेरी व त्यांवर कापड ताणलेलें. हे पंख मागें दुमडतां येत, म्हणून लहानशी पडवीही त्याला पुरे. बैठका दोन, उघड्या, एकामागें एक. पुढें गुरु, मागें शिष्य. दोघांच्याही हातीं चालविण्याचा दांडा असे, आणि इंजिनाच्या गोंगाटांत गुरूचें बोलणें शिष्याच्या कानीं एका नळींतून जाई. शिष्याची चूक गुरूला हातालाच कळे व हातानेंच सावरतां येई. आपल्याकडील संथेची पद्धत याहून फारशी निराळी नव्हे! विद्या मात्र खर्चाची. ज्यांना ती परवडे त्यांचींच मुलें प्रथम तिकडे वळलीं, हें मान्य केलें पाहिजे.

त्यांपैकीं एक जहांगीर रतनजी टाटा. त्यांची आई फ्रेंच. १९०९ सालीं इंग्लिश खाडी विमानानें प्रथम ओलांडणारा ब्लेरिओ हा फ्रान्सच्या किनाऱ्यावरील आर्देलो येथें त्यांच्या कुटुंबाचा शेजारी. उड्डाणाचें वेड त्यांना तेथेंच लागलें. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानांत दिलेला तो पहिला परवाना. त्यावर क्रमांक होता १.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं त्यांनीं कराचीहून टपाल घेऊन 'पस मॉथ' विमान अहमदाबादमार्गें जुहूस आणलें. जवळ बिनतारी यंत्र नव्हतें. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल बल्लारीवरून मद्रासेस नेलें. पुढें १९४६ सालीं 'एअर इंडिया' हें नांव धारण करणाऱ्या कंपनीचा हा आरंभ. खाजणानें मात्र आपला स्वभाव सोडला नाहीं. पाऊस लागला कीं कंपनीला बाडबिस्तरा आवरून पुण्यास जावें लागे.

१९४८ सालीं मोठीं विमानें सांताक्रूझला गेलीं. तरी जुहूनें कांहीं वैमानिकांना चकविलेंच. १९५३ सालीं एक 'कॉमेट' जेट व १९७२ सालीं एक जपानी विमान, सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धांवपट्टीवर उतरलें. पहिलें पुन्हां उडालें. दुसरें पट्टीबाहेर जाऊन कायमचें निकामी झालें, प्राणहानि मात्र टळली.

१९८२ सालीं, त्याच १५ ऑक्टोबरला, ७८ वर्षांचे टाटा कराचीहून 'लेपर्ड मॉथ' एकट्यानें चालवीत जुहूस उतरले. आज तेथून मुख्यतः हेलिकॉप्टरें उडतात. त्यांतील कित्येक समुद्रांतील तेलविहिरींकडे जातात.