किरणोत्सव कोणते उत्तरायण मानतो?

१) कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मंदिरातील सण-उत्सव तिथीने ठरतात. नवरात्राची घटस्थापना आश्विन शुद्ध प्रतिपदेलाच होते, मग इंग्रजी तारीख कोणतीही असो. एक उत्सव मात्र याला अपवाद आहे. किरणोत्सव ९, १० व ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला होतो. २०२३ साली तो लक्ष्मीपूजनाच्या आधी आला, २०२४ साली नंतर. असे का? या प्रश्नाचा माग थेट एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या पंचांगवादापर्यंत नेतो. #थ्रेड

२) मंदिर पश्चिमाभिमुख आहे. त्या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप आणि कासव चौक ओलांडतात, पितळी उंबऱ्यावरून गाभाऱ्यात येतात आणि मूर्तीच्या चरणांपासून वर सरकू लागतात. वर सरकण्याचे कारण साधे आहे. सूर्य जसा खाली उतरतो, तशी किरणे आडवी होत जातात आणि प्रकाशाचा पट्टा उंच चढतो. सारा सोहळा काही मिनिटांचा असतो.

३) पण याच दिवसांत का? सूर्य ठीक पश्चिमेला वर्षातून दोनदाच मावळतो, मार्च आणि सप्टेंबरमधील संपातांच्या दिवशी. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे एरवी मावळतीची जागा क्षितिजावर सरकत असते. कोल्हापूर सुमारे १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरअखेरीस सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला साधारण २४.५ अंशांवर मावळतो, तर किरणोत्सवाच्या दिवसांत साधारण १८ अंशांवर. अर्थात महाद्वार ते गाभारा ही प्रकाशाची वाट ठीक पश्चिमेकडे नसून किंचित नैर्ऋत्येकडे वळलेली आहे.

४) क्षितिजावरच्या या जागेवरून सूर्य दोनदा जातो. नोव्हेंबरमध्ये दक्षिणेकडे जाताना एकदा आणि फेब्रुवारीच्या आरंभी परतताना एकदा. वर्षात दोन किरणोत्सव होण्याचे कारण हेच. त्या काळात मावळतीची जागा रोज सुमारे ०.३ अंश सरकते, म्हणजे सूर्यबिंबाच्या अर्ध्याहून थोडी अधिक. म्हणूनच हा सोहळा मोजक्या दिवसांपुरता टिकतो.

५) येथे एक बारकावा आहे. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्यभाग आणि तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम परंपरेने दोन्ही वेळा सांगितला जातो. सूर्याचा क्रम मात्र दोन्ही वेळा उलट असतो. ११ नोव्हेंबरचा सूर्य जवळजवळ ३१ जानेवारीच्या जागी मावळतो आणि ९ नोव्हेंबरचा २ फेब्रुवारीच्या. तेव्हा तीन दिवसांची ही वाटणी श्रद्धेची मांडणी आहे. प्रत्यक्षात किरणे कोठवर पोहोचतील, हे त्या संध्याकाळचे ढग, हवेतील धूळ व बाष्प आणि वाटेतील अडथळे ठरवतात.

६) मग ही रचना हेतुपूर्वक केली होती का? केवळ किरणे पोहोचतात म्हणून ते सिद्ध होत नाही. ज्या मंदिराचे तोंड ठीक पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना २४ अंशांच्या आत आहे आणि ज्याची समोरची वाट मोकळी आहे, अशा कोणत्याही मंदिरात वर्षातून दोनदा मावळतीचा प्रकाश सरळ आत जाईल. कोल्हापूरच्या शिलाहारांच्या लेखांत महालक्ष्मीच्या वरप्रसादाचे बिरुद आहे, १७१५ साली मूर्तीची पुनःस्थापना झाल्याची नोंद सांगितली जाते. पण या गोष्टी देवीचे महत्त्व दाखवतात, स्थपतीच्या मनातील कोन नव्हे. हेतूचा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ही वास्तू सूर्याचे वर्ष मोजते.

७) ते कसे, हे मोजून पाहावे. १० नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी हे अंतर ८३ दिवसांचे. त्याचा मध्य येतो २१-२२ डिसेंबरला. सूर्य दक्षिणेकडे जाण्याचे थांबवून उत्तरेकडे वळतो तो हाच क्षण. खरे उत्तरायण येथे सुरू होते. मराठी घरांत मात्र उत्तरायण म्हणजे मकरसंक्रांत, १४ जानेवारीच्या आसपास. दिवस तीळतीळ वाढू लागतो तो संक्रांतीपासून, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तोवर दिवस तीन आठवडे वाढत आलेला असतो.

८) ही तफावत अज्ञानातून आलेली नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय मंद डुलतो, त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांच्या मागे सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो. यालाच अयनचलन म्हणतात. सूर्याची रास ताऱ्यांच्या संदर्भाने मोजली तर ती निरयन पद्धती. संपातापासून मोजली तर सायन. सुमारे १७ शतकांपूर्वी मकरसंक्रांत आणि उत्तरायण जवळजवळ एकत्र येत होते. पुढे संक्रांत ताऱ्यांबरोबर राहिली आणि ऋतू निसटत गेले.

९) एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील पंचांगे मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. तो १५२० सालचा. गणित सुटसुटीत, पण साडेतीन शतकांत त्यातील ग्रहांची स्थाने आकाशातील ग्रहांशी जुळेनाशी झाली होती. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने १८६५ पासून नवे पंचांग काढले. तेच पटवर्धनी पंचांग. त्यांचा आग्रह एकच होता: गणिताने सांगितलेला ग्रह डोळ्यांना तेथेच दिसला पाहिजे.

१०) विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित एक पाऊल पुढे गेले. ग्रह जुळवायचे तर ऋतूही जुळवा, म्हणून त्यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ १८९६ साली प्रसिद्ध झाला. आजही त्या विषयाचा अभ्यास त्याला टाळून होत नाही. त्यांचा मुद्दा स्पष्ट होता. वसंताचे सण हळूहळू ग्रीष्मात सरकत असतील, तर पंचांग आपले काम करत नाही.

११) निरयनवाद्यांची बाजूही पोकळ नव्हती. चैत्र, वैशाख ही नावेच नक्षत्रांवरून आलेली. ताऱ्यांशी नाते तोडले तर त्या नावांना अर्थ काय उरतो? पण ताऱ्यांपासून मोजायचे तर आरंभबिंदू कोणता, यावर त्यांच्यातही एकमत झाले नाही. लोकमान्य टिळकांचा पक्ष रेवतीतील एका ताऱ्याचा. वेंकटेश बापूजी केतकरांचा चित्रा ताऱ्यासमोरील बिंदूचा. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक आहे. म्हणूनच टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीला येते आणि इतरत्र १४ च्या आसपास. १९०४ साली मुंबईत पंचांग परिषद भरली, तरी महाराष्ट्राची संक्रांत आजतागायत एक झालेली नाही.

१२) आता किरणोत्सवाकडे पुन्हा पाहावे. समजा शिवकाळात एखाद्याने तो ‘संक्रांतीनंतर अमुक दिवसांनी’ असा बांधून दिला असता. तेव्हापासून संक्रांत ऋतूंच्या तुलनेत सुमारे पाच दिवस पुढे सरकली आहे. आज १ फेब्रुवारीऐवजी ६ फेब्रुवारीला गर्दी जमली असती आणि सूर्य जवळजवळ तीन बिंबे उत्तरेला मावळला असता. तिथीने बांधला असता तर दरवर्षीच चुकला असता. इंग्रजी तारखा येथे चालतात त्या इंग्रजी म्हणून नव्हे. ते वर्ष सायन आहे म्हणून.

१३) सायन वर्षासाठी परक्या कालगणनेकडेच जायला हवे, असेही नाही. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली भारत सरकारने दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली. नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर तिचे सदस्य होते. समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून सायन सौर राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिच्यात १ पौष म्हणजे २२ डिसेंबर, खऱ्या उत्तरायणाचा दिवस. किरणोत्सव तिच्यात १८ ते २० कार्तिक आणि ११ ते १३ माघ असा येतो. धार्मिक तिथी मात्र निरयनच राहिल्या. लेले-मोडक-दीक्षितांची बाजू राजपत्रात पोहोचली, देवघरात नाही.

१४) अलीकडे किरणोत्सवाची चर्चा मुख्यतः किरणांच्या वाटेतील बांधकामांवर होते, आणि ती रास्तच आहे. सूर्य क्षितिजाला टेकण्याच्या बेतात असताना एखादा वाढीव मजलाही किरणे अडवायला पुरतो. ती वाट मोकळी राहणे हा केवळ भाविकांचा प्रश्न नाही. ज्या पडताळ्यासाठी केरूनाना आणि दीक्षितांनी आयुष्य वेचले, तो येथे कोणत्याही कोष्टकाशिवाय, उघड्या डोळ्यांनी होतो. कोल्हापूरपासून दूर असलेल्यांनी १० नोव्हेंबरला गच्चीवरून मावळतीची खूण एखाद्या झाडाशी किंवा टाकीशी धरून ठेवावी आणि १ फेब्रुवारीला पुन्हा पाहावे. सूर्य त्याच खुणेपाशी मावळलेला दिसेल.