भंडारी करंडकातील एक डाव

मुंबईच्या शालेय क्रिकेटचा इतिहास बहुधा हॅरिस ढालीपासून सांगितला जातो. कल्याणकडील भंडारी करंडकाकडे जगाचे लक्ष वेधले ते २०१६ साली. जानेवारीच्या ४ व ५ तारखांस कल्याण येथे के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा काढल्या. इंग्लंडात क्लिफ्टन येथे कॉलिन्स या शाळकरी मुलाने १८९९ साली केलेला नाबाद ६२८ धावांचा उच्चांक त्यायोगे मागे पडला. संघाची धावसंख्या ३ बाद १४६५ झाली; प्रतिपक्षाचा पहिला डाव मात्र ३१ धावांतच आटोपला होता! हा दुसरा आकडाही तितकाच बोलका आहे. कॉलिन्सचा डावदेखील शाळेच्या दोन गृहांमधील कनिष्ठ सामन्यातलाच होता, हे येथे ध्यानी घ्यावे. बलाबलातील तफावतीने विक्रम खोटा ठरत नाही. परंतु तेवढ्यावरून उपनगरी क्रिकेटची उंची मोजणे युक्त नव्हे. दुसऱ्या डावात प्रतिपक्षाच्या ५२ धावा झाल्या.