द्राक्षवेल कुणाची?

वेदीवर कमळ कोरावे काय, असा विषय धर्मग्रामात निघाला की एखादा भाविक हमखास विचारतो, “फादर, हे आपले फूल आहे का?” प्रश्न प्रामाणिक असतो. उत्तरादाखल आम्ही द्राक्षवेलीचा इतिहास सांगतो. शास्त्रातील द्राक्षवेल आपली खरी, पण चित्रातील द्राक्षवेल आपण दुसऱ्यांकडून घेतली.

रोममध्ये नोमेन्ताना मार्गावर सांता कोस्तान्झा ही वर्तुळाकार वास्तू आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनची कन्या कॉन्स्टंटिना हिचे हे चौथ्या शतकातील समाधिमंदिर. त्याच्या कमानदार छतावर रंगीत खड्यांची चित्रे आहेत. वेलींचे दाट जाळे, घड खुडणारी बालके, द्राक्षे वाहणाऱ्या बैलगाड्या आणि कुंडात नाचत द्राक्षे तुडवणारे गडी असा सारा देखावा. दुसऱ्या पट्ट्यांत फळांनी लगडलेल्या फांद्या आणि मोर. द्राक्षांच्या या सुगीत क्रूस कुठेही दिसत नाही!

हे वळण रोमन कारागिरांच्या हाती बॅकस या मद्यदेवाच्या चित्रांतून आलेले होते. पुढे लोक या वास्तूला बॅकसचेच देऊळ समजू लागले. सतराव्या शतकात रोममध्ये राहणारे डच व फ्लेमिश चित्रकार तेथील पॉर्फिरी दगडाच्या शवपेटीला त्या देवाची समाधी मानून तिच्यापाशी मद्यपानाच्या बैठका करीत. अखेर 1720 साली पोप अकरावे क्लेमेंट यांनी त्या बंद केल्या. त्या चित्रकारांना हसण्यात अर्थ नाही. डोळ्यांना दिसले तेच त्यांनी मानले. चौथ्या शतकातील ख्रिस्ती भाविकाला मात्र त्याच वेलीत योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय दिसत असला पाहिजे, आणि त्या कुंडात मिस्साबलीचा प्याला.

कमळाचे तरी वेगळे काय? चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर 1547 साली सापडलेल्या पहलवी लेखाच्या क्रूसाच्या पायथ्याशी पाने उमलली आहेत. अनेक अभ्यासक त्यांना कमळदले मानतात. केरळातील जुन्या चर्चच्या अंगणांत ग्रॅनाइटचे उंच क्रूस आहेत. त्यांच्या चौथऱ्यांवरील पाकळ्यांविषयी तर शंकाच नको. कोणतीही एकच कलाशैली चर्चने आपली म्हणून स्वीकारलेली नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनाविषयक दस्तऐवजात नमूद केले. केरळच्या पाथरवटांनी त्याच्या कितीतरी आधी छिन्नी चालवली होती.

अर्थात, कुठेही कसेही कमळ काढावे, असे आम्ही म्हणत नाही. त्या फुलावर काय उभे आहे, ते आधी पाहावे. केरळातील त्या चौथऱ्यांवर क्रूस उभा आहे.