तुघलकाचा कागद, तेरची मूर्ती आणि परंड्याचे चाचा

आजचा भाग भूममधून, घरच्या माळवदावर बसून रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मूळ ऑडिओत मधूनमधून टमटमचा आवाज आहे. सांभाळून घ्या.

आज आधी माझी फजिती सांगतो, मग इतिहास.

गावातल्या एका जुन्या वाड्याचे मालक, आम्ही त्यांना दादा म्हणतो, त्यांच्या डोक्यात आलं की वाड्यातल्या वस्तूंचं छोटं संग्रहालय करायचं आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, उघडायचं. शेर-पायलीची मापं, अडकित्ते, तांब्याची नाणी, कागदांची दोन गाठोडी. "तू कॉम्प्युटरवाला, तूच कर," म्हणाले. मी बीटेक, सॉफ्टवेअर लिहितो, मला वाटलं दोन रविवारांचं काम. मोबाईलवर फोटो काढले, डेटाबेस केला, 'वर्ष' असा रकाना ठेवला. नाणी काळी पडली होती म्हणून चिंच-मीठ लावून चार-पाच चकचकीत केली. (हे करू नका. तांब्यावरचा तो थर धातूला जपतो, आणि घासताना अक्षरंही झिजतात.)

मग सगळं काळानुसार लावलं. सगळ्यात वर आला एक उर्दू कागद, वर्ष १३२५. कागद वाचता येत नव्हता, पण आकडे ओळखता येत होते. १३२५ म्हणजे मुहम्मद तुघलक गादीवर आला ते साल! दादांनी त्या रात्रीच निम्म्या पाहुण्यांना फोन केले.

आता इथे थांबून तेरला जाऊ, कारण बाहेरचा जाणकार नेमकं काय करतो हे आपल्याच जिल्ह्यात, तेरमध्ये, फार छान दिसतं. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात तगर नावाचं मोठं शहर येतं. भडोचपासून वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तिथून साधं कापड आणि मलमल बंदराकडे जायची. शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुर-परमेश्वर' म्हणवून घ्यायचे. पण तगर कुठे? कोणी देवगिरी म्हणालं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवलं, रा. गो. भांडारकरांनी धारूर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेर म्हणून सांगितलं. फ्लीट तेव्हा निवृत्त होऊन इंग्लंडात होते. त्यांनी नकाशावरची अंतरं आणि 'तगर'चं 'तेर' कसं होतं ही भाषेची वाट, दोन्ही जुळवून दाखवलं. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी जागा पाहून लिहिलं, त्यात त्रिविक्रम मंदिराचं विटांचं मूळ चैत्यगृह आहे हेही आलं.

म्हणजे नाव बाहेरच्यांनी जुळवलं. पण वस्तू? त्या गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या. मणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या, जे गावकरी खापर म्हणून फेकून देत होते ते. आजचं तेरचं सरकारी संग्रहालय त्यांच्याच नावाचं आहे. या संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती बघा. १९३८ मध्ये इटलीत पाँपेईला अमेदेओ माय्युरी यांना भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीचीच, हे पक्कं. तेरची मूर्ती तिच्या जवळची दिसते, हे सांगायला दोन्ही पाहिलेला माणूस लागतो. ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर छोटं पुस्तक लिहिलं, १९७४-७५ मध्ये शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं. तेरमध्ये जमवणारा नसता तर अभ्यासकांसमोर ही मूर्ती आलीच नसती, आणि अभ्यासक आले नसते तर ती गावात एक जुनी बाहुली म्हणून राहिली असती.

तसं बाहेरून जाणकार आणणं आपल्या भागाला नवं नाही. परंड्याच्या किल्ल्यावर काही काळ असलेली आणि १६३२ मध्ये विजापूरला गेलेली मुलूख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. 'रूमी' म्हणजे तुर्कस्तानाकडचा. असो.

मला जाणकार कसे मिळाले? आधी चार-पाच जणांना मेल टाकला: "आमच्याकडे जुन्या वस्तू आहेत, मार्गदर्शन करावे." एकाचंही उत्तर नाही. राग आला होता, पण खरं तर त्यात उत्तर देण्यासारखा प्रश्नच नव्हता. मग एकच नाणं घेतलं: वजन, व्यास, शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो, वाड्यात कुठे होतं ते, आणि प्रश्न "हे कोणाचं?" दोन दिवसांत उत्तर आलं. मी 'शिवकालीन' लिहिलं होतं. त्यावर चारमिनार होता हो! निजामाचं हैदराबादी नाणं. भूम १९४८ पर्यंत त्या राज्यात होतं, हे शाळेत शिकूनही मला सुचलं नाही.

त्याच अभ्यासकांनी सांगितलं की सॉफ्टवेअर नव्यानं लिहायची हौस सोड. पुण्याच्या सी-डॅकनं 'जतन' नावाची प्रणाली भारतीय संग्रहालयांसाठीच केली आहे, निदान त्यातले रकाने बघ. आमच्या धंद्यात याला चाक पुन्हा शोधणं म्हणतात, आणि आम्ही ते रोज करतो.

राहिला तुघलकाचा कागद. त्यासाठी मी पुण्या-मुंबईकडे बघत होतो. माणूस सापडला शेजारच्या परंड्यात: वय ८८, उर्दू शाळेत शिकलेले, पुढे तहसीलच्या रेकॉर्ड खोलीत नोकरी. चाचांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि हसले. "बेटा, हे फसली साल आहे. पाचशे नव्वद मिळव." १३२५ अधिक ५९०, म्हणजे १९१५! निजामाच्या महसुलाचं वर्ष. कागद होता विहिरीसाठी घेतलेल्या तगाईच्या कर्जाची पावती. खाली मोडीत सही.

दादांना सांगायला मला दोन दिवस लागले. ऐकून ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, "सही कोणाची?" चाचांनी लिहून दिलं होतं: त्यांच्या पणजोबांची. ती विहीर अजून आहे, उन्हाळ्यात आटते.

डेटाबेसमध्ये आता एका वर्षाचे तीन रकाने आहेत: कागदावर लिहिलेलं साल, इसवी सन, आणि कोणी वाचलं. १७ सप्टेंबर हुकला. बाजाराच्या दिवशी नातू चाचांना मोटारसायकलवर भूमला सोडतो, ते दोन तास वाचतात, मी टाइप करतो. एक गाठोडं संपलं. दुसऱ्याची गाठ अजून सोडलेली नाही, आणि चाचांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.